घरागणिक एक चीर

फाल्गुन लागला की हल्ली मला आधी थकवा येतो आणि मग फाल्गुन आल्याचं कळतं. सकाळी थंडी असते अजून, स्वेटर घालावा की ठेवून द्यावा असा घोळ असतो, आणि दुपारी ऊन एकदम अंगावर येतं. मुरैन्याच्या रस्त्याला मोहरी कापून झालेली असते. तिचा तो कोरडा, तिखट वास बसच्या खिडकीतून आत येतो, नाक हुळहुळतं, आणि मी खिडकी लावून घेते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं की हा परीक्षांच्या दिवसांचा जुना ताण असणार. कसल्या परीक्षा घेऊन बसलात! पेपर तपासून माझी बोटं दुखली असतील, जीव कधी दुखला नाही. जीव दुखतो तो चिरीच्या दिवसांनी.

यंदा महिना लागून दोन दिवस झाले नाहीत तोच फोन किणकिणला. आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे. त्यावर पुण्याच्या पुतण्यानं लिहिलं, ‘काकू, चीर कधी?’ मागोमाग इंदूरच्या पुतणीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग नोएडाहून माझ्या स्वतःच्या लेकानं, चिन्मयनं: ‘आई, दादाकाका बोल रहे थे, इस बार छतवाल्या झाडाला करायची. बाळाला घेऊन आम्ही सगळे येऊन राहिलो आहे.’ मी लिहिलं, ‘बघू.’ आणि फोन पालथा ठेवून भाजी चिरायला घेतली. बघू म्हणजे काय बघणार होते मी, कप्पाळ!

सांगते, चीर म्हणजे काय ते. आमच्या घरात गुग्गुळ बाजारातून आणत नसत. नवरात्रात नऊ दिवस देवीपुढे धुपाटण्यात जो जाळायचा, आणि घरात मूल जन्मलं की बाळ-बाळंतिणीला ओव्याबरोबर ज्याची धुरी द्यायची, तो गुग्गुळ घरच्याच झाडाचा हवा. ते झाड होतं शहराबाहेर, खडकाळ टेकडीवर. तिथे देवीचं एक बसकं, पांढऱ्या चुन्याचं देऊळ आहे. दक्षिणेतून फौजा इकडे आल्या, त्यांच्याबरोबर पूजेअर्चेची माणसं आली, त्यातलं आमचं सासरचं घर. देवळाची पूजा आमच्याकडे आणि देवळामागचं झाडही आमच्याकडे, असं पहिल्यापासून चालत आलेलं.

दिसायला अगदी दरिद्री झाड हो. माझ्या डोक्याहून हातभर उंच, वेडंवाकडं, काटेरी. वर्षातले आठ-नऊ महिने त्याच्यावर पान नसतं. साल कागदासारखी पातळ, सुटून लोंबत असते, आणि तिच्याखाली हिरवट अंग. नखानं जरा खरवडलं की वास येतो, देवघराचा. नवी नवरी म्हणून मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर वाळून गेलंय, याची कसली पूजा करतात हे लोक? पावसाळ्यात पुन्हा गेले तर अंगभर बारीक तिपानी पालवी.

फाल्गुनात, होळीच्या आधी, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं त्या खोडावर लहान चाकूनं एकच चीर द्यायची. जास्त खोल नाही, सालीपुरती. आणि चीर देण्याआधी झाडाला विचारायचं, ‘घेऊ का?’ मग पंधरा दिवसांत जेवढा चीक आपसूक वाहून गोठेल तेवढा पाडव्याच्या आत काढून आणायचा. पितळेच्या डबीत तळाला बसतील इतके पिवळट, तपकिरी खडे. वर्षभराला तेवढेच. सासूबाई तो खडा निखाऱ्यावर टाकताना अशी चिमूट धरायच्या की बघणाऱ्यालाच वाटावं, आपण उधळे आहोत.

घरात मोठ्या त्याच होत्या, म्हणून चीर त्याच द्यायच्या. मी निरांजन घेऊन मागे उभी. ‘घेऊ का?’ म्हणायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. किती वेळ? वारा आला की निरांजन विझायचं, मी पुन्हा लावायचे, पुन्हा विझायचं, माझे पाय भरून यायचे. त्या उभ्याच. मग कधीतरी ‘हं’ म्हणून चाकू उघडायच्या. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या फाल्गुनात मात्र त्यांनी चाकू उघडलाच नाही. वळल्या आणि म्हणाल्या, ‘चल.’ त्या वर्षी नवरात्रात नुसता कापूर जाळला. मला वाटलं, काही शिवाशिव झाली असेल, माझंच काही चुकलं असेल. विचारायची माझी टाप नव्हती.

सासूबाई गेल्या आणि चार भावांची चार घरं झाली. वाटणी फार सुरेख झाली आमच्याकडे, कुणाचा आवाज चढला नाही. भांडी वाटली, देव वाटले, नवरात्राचे दिवससुद्धा वाटून घेतले. राहिलं झाड. ते कसं वाटणार? माझे थोरले दीर, ज्यांना सगळेच दादा म्हणतात, अतिशय न्यायी माणूस. ते म्हणाले, ‘आईचा नियम काय? घराला एक चीर. आता घरं चार, तर चिरी चार. कुणावर अन्याय नको.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी तर गणिताची बाई.

पुढे मुलं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, त्यांची लग्नं झाली. पुण्याला एक घर झालं, इंदूरला दुसरं. इंदूरची पुतणी म्हणाली, लेकीचं घर ते घर नाही का? दादांनी लगेच मान्य केलं. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता त्यांचा! पाच झाल्या, सहा झाल्या. दर फाल्गुनात आम्ही एक गाडी करून टेकडीवर जायचो, पुऱ्या-भाजीचे डबे घेऊन. दादा झाडाभोवती फिरून जागा शोधायचे. ‘ही इंदूरची, ही पुण्याची.’ आणि प्रत्येक चिरीला विचारायचे, ‘घेऊ का?’ पण सहा वेळा विचारायचं म्हणजे कुठवर थांबणार? वरून ऊन, खाली मुलं कुरकुरणारी. हळूहळू प्रश्न आणि चाकू एकाच श्वासात व्हायला लागले. आमच्यात लोभी कुणीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. डबीभर विकला असता तर गोष्ट वेगळी. सगळे श्रद्धेनंच करत होते.

टेकडीच्या पायथ्याशी गोमती राहायची. शेळ्या राखायची, देवळात पाणी भरायची. माझ्याच वयाची, पण उन्हानं चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. मला भाभीजी म्हणायची. सहाव्या चिरीच्या साली ती खोडावर हात फिरवत म्हणाली, “भाभीजी, जे पेड़ थक गओ है. अब के साल रहन दो.” मी म्हटलं, “अगं, झाड कुठे थकतं?” ती हसली नाही. म्हणाली, “ब्यानी बकरिया घाईं दुह रहे हो जाय.” नुकत्याच व्यालेल्या शेळीसारखं पिळताय याला, असं. मला राग आला. काय बोलते ही, आम्ही देवीसाठी घेतो! घरी येईपर्यंत मी फणफणत होते.

त्याच सुमाराला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या देवळात. झाड बघून त्यांनी चक्क हात जोडले. म्हणाल्या, “हे रानातलं, आपलं आपण उगवलेलं गुग्गुळ आहे. चंबळच्या बीहडात, त्या घळींमधून, एकेकाळी भरपूर असायचं, आता शोधून सापडत नाही. चीक काढून काढून लोकांनी संपवलं.” मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, “आम्ही किती पिढ्या जपलंय!” त्यांनी खोडाकडे पाहिलं, चिरींच्या जुन्या वणांकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. भल्या बाई होत्या. त्या गप्प राहिल्या ते मी आपलं कौतुक समजले. गप्प राहण्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढायची सवयच आहे आम्हा लोकांना.

आणि सातवी चीर. ती माझी. चिन्मयनं नोएडाला घर घेतलं, आणि सुनेला दिवस गेले. हे जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. घर खायला उठायचं, आणि मला वाटायचं, निदान नातवंडाची धुरी तरी रीतसर व्हावी. दादांना मीच फोन केला. म्हटलं, “माझ्या चिन्मयचं आता वेगळं घर आहे. त्याची चीर राहायला नको.” दादा म्हणाले, “राहील कशी?” तेवढंच. तो फाल्गुन मला कालच्यासारखा आठवतो. मोहरीचा तोच वास. लांब खाणीत दगड फोडल्याचा आवाज. झाडावर बारीक लालसर फुलं आली होती, मुगाच्या दाण्याएवढी. खोडाच्या एका बाजूला जागा उरली नव्हती, म्हणून दादांनी जरा खाली, बुंध्याशी चीर दिली. “घेऊ का?” म्हणाले आणि घेतली. पांढरट थेंब लगेच वर आला. मी निरांजन धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, माझ्या नातवंडाला पुष्कळ येऊ दे.

पुष्कळ आलंही. इरा झाली, तिला मी माझ्या हातानं धुरी दिली. सगळी खोली त्या वासानं भरली, सून खोकली, इरा शिंकली, आम्ही हसलो. त्या आषाढात टेकडीवर गेले तर झाडाच्या एकाच फांदीला पालवी होती. बाकी सगळं अंग कोरडं.

गोमती शेजारी येऊन उभी राहिली. चांगलं बोलून घेईल आता मला, असं वाटलं. पण तिनं विळा काढला, त्या एका फांदीचे बोटाएवढ्या जाडीचे अकरा तुकडे केले, आणि माझ्या पदरात टाकले. “लगाय लो,” म्हणाली. “जित्ते जी लें.” जगतील तेवढे जगतील. मी टेकडीवर त्या पावसात बसून रडले. सातवी चीर मी मागितली होती, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मोय पतो है.” तिला ठाऊकच होतं.

पुढच्या पावसाळ्यात टेकडीवरचं झाड फुटलं नाही. पण मेलं असं तरी कसं म्हणायचं? जिवंत असतानाही वर्षातले आठ-नऊ महिने ते असंच दिसायचं. दादा म्हणाले, “उशिरा फुटेल.” आणखी एक पावसाळा गेला. आम्ही दोन वर्षं एका मेलेल्या झाडाला नमस्कार करत होतो. शेवटी वाऱ्यानं ते आडवं झालं तेव्हा बुंधा आतून भुसभुशीत निघाला, सातव्या चिरीच्या जागी. गोमती आता मुलाकडे गेली, दतियाकडे कुठेतरी. टेकडीचा पलीकडचा अर्धा भाग खाणीनं खाल्ला. देऊळ आहे.

अकरा काड्या मी कंपू भागातल्या आमच्या फ्लॅटच्या छतावर लावल्या. (गच्ची म्हणत नाही आम्ही, छतच म्हणतो. पुण्याचा पुतण्या हसतो.) खाली दवाखान्यांची वर्दळ, अँब्युलन्सचे भोंगे, आणि वर मी काड्यांना पाणी घालते आहे. पहिल्या महिन्यात सहा कुजल्या. माझंच चुकलं, मायेनं फार पाणी घातलं. दोन थंडीत गेल्या, एक माकडांनी उपटली. राहिल्या दोन. त्यातली एक मी नोएडाला गेले असताना छत झाडायला आलेल्या माणसानं वाळकी काडी म्हणून फेकून दिली. त्याला काय बोलणार? मी स्वतः पहिल्यांदा झाड बघून तेच म्हटलं होतं.

राहिली एक. तिला अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये हलवली, वाळू आणि खडे घालून. सहा वर्षं मी कुठे धड लग्नाला गेले नाही, तीर्थयात्रेला गेले नाही. शेजारीण म्हणते, “आंटी, एक सूखी लकड़ी के पीछे इतनी परेशान!” खरंच परेशान झाले मी. पायऱ्या चढताना गुडघे बोलतात. दर आषाढात पालवी फुटेपर्यंत जीव टांगणीला, फुटली की चार दिवस आनंद, मग पुन्हा पानं गळायची वाट. माणसानं किती दिवस एखाद्याच्या जिवंत असण्याची खात्री करत राहावं? एक दिवस कुणीतरी येऊन म्हणावं, शालिनी, बस झालं, जा, नीज. पण कोण म्हणणार?

आता झाड माझ्या खांद्याएवढं आहे. खोड माझ्या मनगटाएवढं. आणि हेच दादांनी दिवाळीत येऊन पाहिलं होतं. बोटांनी खोड मोजलं आणि म्हणाले, “झालं की गं तयार.” माघात चिन्मयला मुलगा झाला. पितळेची डबी तर केव्हाच रिकामी. मी महाराज बाड्याच्या बाजारात जाऊन पुडी आणली होती बाजारच्या गुग्गुळाची. निखाऱ्यावर टाकला तर राळेचा वास आणि काळा धूर. दादा फोनवर म्हणाले, “घरचा तो घरचाच. इराला मिळाला आणि या पोराला नको?” एक्याऐंशीचे आहेत. मग म्हणाले, “माझ्या हातून शेवटची एक होऊन जाऊ दे.”

आले सगळे. चिन्मय, सून, इरा, दीड महिन्याचं बाळ. दादांना चिन्मयनं हाताला धरून तीन जिने चढवलं. वर येऊन ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, धाप लागली होती, धोतराचा सोगा नीट करत राहिले. दुपारचं ऊन पाण्याच्या टाकीच्या कडेला आलं होतं. इराच्या हातात निरांजन दिलं. ती म्हणाली, “आजी, ये पेड़ तो dead आहे ना?” मी खोड जरासं खरवडून तिच्या नाकाशी बोट नेलं. तिनं डोळे मोठे केले. “इसमें से तो मंदिर का वास येतो!”

दादा उठले. चाकू खिशातून काढून आधीच उघडला होता. पातं उन्हात हलत होतं. झाडासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, “घेऊ का?” आणि चाकू पुढे केला.

“नको,” मी म्हटलं.

दादा वळले. “कोण बोललं?”

“मी बोलले. झाड कुठे बोलतंय, दादा? ते कधीच बोललं नाही. आपण विचारत राहिलो आणि ते गप्प राहिलं की हो धरत राहिलो.”

“आई, यार, आता सीन नको ना,” चिन्मय म्हणाला. “दादाकाका इतने मुश्किल से वर आलेत. छोटा सा कट तर आहे.”

“सातही छोटेच होते,” मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, त्याचा मलाच राग आला. “आणि सातवा तुझ्यासाठी मी मागितला होता. मी. त्याच चिरीशी ते झाड कुजलं. दादा, टेकडीवर दुसरं झाड नाही, हे गेलं तर मी फांद्या कुठून आणू? आणि आणल्या तरी पुन्हा सहा वर्षं करायची ताकद नाही राहिली माझ्यात. मी थकले हो.”

खाली रस्त्यावर अँब्युलन्स गेली. दादा पुन्हा खुर्चीवर बसले, चाकू मांडीवर तसाच उघडा. मला वाटलं, आता उठतील आणि जन्मात परत माझ्या घरी येणार नाहीत. मोठ्या दिरांना मी कधी उलटून बोललेली नव्हते.

“एका वर्षी आई टेकडीवरून रिकामीच आली होती,” ते चाकूकडे बघत म्हणाले.

“मी होते त्यांच्याबरोबर.”

“मी विचारलं होतं तिला, गुग्गुळाचं काय झालं. म्हणाली, नाही म्हणालं यंदा.” दादांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. “मला वाटलं, गुडघे दुखले असतील हिचे. शालिनी, तिला कसं कळायचं गं?”

“थांबायच्या त्या,” मी म्हटलं. “आपण थांबलो नाही.”

दादांनी चाकू मिटायचा प्रयत्न केला. बोटांना जमेना, तेव्हा चिन्मयनं पुढे होऊन मिटून दिला. मग दादा खुर्चीचा हात धरून पुन्हा उठले, झाडासमोर गेले आणि रिकामे हात जोडले. “घेऊ का?” त्यांनी विचारलं, अगदी हळू, आणि डोळे मिटले.

आम्ही उभे राहिलो. निरांजन विझलं, मी लावलं. पुन्हा विझलं. सावली टाकीवरून भिंतीवर आली. बाळ सुनेच्या खांद्यावर कुरकुरलं आणि परत झोपलं. इरा या पायावरून त्या पायावर होत माझ्या कानाशी आली, “आजी, कितनी देर?” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चिन्मयनं धरायला हात पुढे केला तो दादांनी बाजूला सारला. इतका वेळ उभा राहिलेला माणूस मी सासूबाईंनंतर पाहिला नव्हता.

अखेर त्यांनी डोळे उघडले.

“नाही म्हणतंय,” दादा म्हणाले. “चला खाली, बाळाला धुरी द्यायचीय. ओवा आहे ना घरात?”

“आहे,” मी म्हटलं.